पासष्ट किलोचं माणूस

पाणीपुरवठा खात्याच्या खरेदी विभागात ज्यांची उभी हयात गेली, त्या गृहस्थांचं खरं आडनाव आता पगारपत्रकाखेरीज कुठे सापडत नाही. त्यांना सगळे तीनदरे म्हणतात. कुठलीही वस्तू घ्यायची झाली की तीन ठिकाणचे दर मागवायचे, ते एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडायचे आणि सर्वांत कमी दराखाली लाल रेघ ओढायची, हा खात्याचा नियम. बाकीची मंडळी हा नियम संध्याकाळी टेबलाच्या खणात ठेवून, खणाला कुलूप लावून घरी जात. तीनदरे तो जेवणाच्या रिकाम्या डब्याबरोबर घरी आणत.

त्यामुळे त्यांच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला एक निष्कलंक इतिहास होता आणि एकेक खोड होती. पंखा तीनवर चालत नसे. दोनवर आणि चारवर चाले. सोफ्याच्या डाव्या टोकाला बसणाऱ्याने आधी उजव्या टोकाला कोणी बसलं आहे ना, याची खात्री करून घ्यायची असे. इस्त्री तापायची, पण फक्त टोकाला. हे सगळं नियमानुसार झालेलं असल्यामुळे त्याबद्दल तक्रार करण्याची सोय नव्हती. केस कापायलासुद्धा तीनदरे तीन दुकानांच्या पाट्या वाचून जात, आणि ते कुठे जाऊन आले हे त्यांच्या डोक्याकडे पाहून कुणालाही सांगता येई.

"लग्नाच्या वेळीही यांनी तीन स्थळं पाहिली होती," त्यांची बायको पाहुण्यांपुढे चहा ठेवताना सांगे. "मी दर्जावर निवडले गेले की कमी दरावर, ते अजून सांगत नाहीत."

पाहुणे हसत. तीनदरे हसत नसत. ती गोपनीय बाब होती.

दोन वर्षांपूर्वी त्यांची डावीकडची एक दाढ दुखायला लागली, तेव्हा तिचेही तीन दर आले. सर्वांत जास्त दर एका डॉक्टरीणबाईंचा होता. त्यांनी अर्धा तास खर्च करून दाढेचा फोटो काढला, दाढ आतून कशी किडली आहे ते कागदावर चित्र काढून समजावलं. तीनदऱ्यांनी त्यांचे मनापासून आभार मानले, चित्राची घडी करून खिशात घातली आणि सर्वांत कमी दराच्या दवाखान्यात जाऊन ते चित्र तिथल्या डॉक्टरला दाखवलं. त्या दिवसापासून तीनदरे फक्त उजव्या बाजूने जेवत. विचारलं तर म्हणत, "दोन्ही बाजूंनी चावायची गरजच काय, घास एकच असतो."

अशा घरात बेबी वाढली. बेबी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. ती आता अठरा वर्षांची होती. नाव बदलण्याचा प्रस्ताव कधी कुणी मांडलाच नव्हता. गावाबाहेर खात्याचं मोठं धरण होतं आणि त्याच्या जलाशयावर एक जलक्रीडा मंडळ होतं. खात्याच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना तिथे फी नव्हती. फुकट म्हटल्यावर तीन दर मागवायची काही सोयच नव्हती, तेव्हा तीनदऱ्यांनी मुलीला तिथे बिनतक्रार सोडलं होतं. मंडळात बोट चालवणारे आणि शिकवणारे एक निवृत्त नौसैनिक होते, त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी बेबीला आधी वॉटर-स्कीच्या दोन फळ्यांवर उभं केलं आणि मग एका फळीवर. या एका फळीच्या प्रकाराला स्लॅलम म्हणतात. एकाच लांबट स्कीवर एकामागे एक दोन्ही पाय अडकवायचे, बोटीला बांधलेल्या दोराचं हँडल धरायचं, बोट सरळ जात असताना आपण मात्र डावी-उजवीकडे झोके घेत पाण्यात ठेवलेल्या सहा बोयांना, म्हणजे तरंगत्या गोळ्यांना, वळसे घालायचे. सरळ जाणाऱ्याच्या मागे वाकडं जायची ही कला बेबीला इतकी कशी साधते, याचं मास्तरांना नवल वाटे. तिच्या आईला वाटत नसे.

मंडळाकडे मुलींना चालेल अशी स्लॅलम स्की एकच होती. या मोसमात तिच्या पोटात पाणी शिरलं, ती फुगली आणि मधोमध उकलली. कमिटीने फळ्यावर सूचना लावली की संघाच्या निवडीला येणाऱ्यांनी आपापली स्की आणावी. निवड, धरणाचं पाणी खाली सोडण्याआधीच्या शेवटच्या रविवारी होती. संघ चौघांचा, आणि वयाची अट एकोणिसाच्या आत. पुढच्या वर्षी बेबी त्या अटीत बसणार नव्हती. म्हणजे जे काय व्हायचं ते याच रविवारी.

"बाबा, मला स्की घ्यायची आहे," बेबी जेवताना म्हणाली.

"जोडी?"

"नाही. एकच असते."

"एकच? मग निम्म्या किमतीत यायला हवी."

"एकटी जास्त महाग असते, बाबा."

तीनदऱ्यांनी घास उजव्या गालात थांबवला. इतक्या वर्षांच्या नोकरीत, एक नग घेतला तर दोन नगांपेक्षा जास्त पैसे पडतात असा माल त्यांनी पाहिला नव्हता.

पैसे कुठून आणायचे हा प्रश्न बायकोने सोडवला. बैठकीच्या भिंतीवर ओलीचा एक मोठा डाग होता. तो झाकायला, म्हणजे भिंतीला रंग द्यायला, तिने दोन वर्षं घरखर्चातून थोडे थोडे बाजूला ठेवले होते. "भिंत थांबेल," ती म्हणाली. "भिंतीला वयाची अट नाही."

तीनदऱ्यांनी मान हलवली. रक्कम मंजूर झाली. बेबीने उठून आईच्या गळ्यात हात टाकले आणि लगेच म्हणाली, "मग उद्या मी मास्तरांना घेऊन—"

"तू नाही," तीनदरे म्हणाले. "खरेदी मी करणार. वापरकर्ता विभागाने खरेदीत तोंड घालायचं नसतं. त्याने मागणी नोंदवायची आणि माल येईपर्यंत शांत राहायचं."

"बाबा, पाण्यात मी उतरणार आहे."

"म्हणूनच. उद्या तू म्हणशील लाल रंगाची हवी."

बेबीने आईकडे पाहिलं. आईने पंख्याकडे पाहिलं. पंखा दोनवर फिरत होता.

तरी माहिती गोळा करण्यात तीनदरे कुचराई करणारे नव्हते. ते जलाशयाच्या धक्क्यावर, म्हणजे मंडळाच्या जेट्टीवर गेले आणि मास्तरांसमोर पेन उघडून बसले. मास्तरांनी सांगितलं ते असं. स्कीची लांबी माणसाच्या वजनावर ठरते. हलक्याला आखूड, जडाला लांब. नवशिक्याला रुंद आणि जरा मऊ, पट्टीच्या खेळाडूला अरुंद आणि कडक. शेपटाखाली जे पातं असतं, फिन म्हणतात त्याला, तिथे तडा नाही ना ते बघायचं, आणि बोटाने टकटक करत जायचं. आवाज मध्येच बद्द आला तर आत पाणी आहे. स्कीवर जडवलेला बूट पायाला घट्ट हवा.

"यंदाचं मॉडेल घेऊ नका साहेब," मास्तर म्हणाले. "पैशाची ओढाताण असेल तर तीन-चार वर्षांची जुनी घ्या. पाण्याला मॉडेल कळत नाही. पण वजन बघून घ्या. वजन चुकलं तर सगळं चुकलं."

"आणि पुढे कुठला पाय ठेवायचा?"

"ते सोपं आहे. माणूस बेसावध असताना मागून ढकलायचं. जो पाय आपोआप पुढे पडेल तो पुढचा."

तीनदऱ्यांनी ही चाचणी त्याच संध्याकाळी बायकोवर घेतली. ती दूध घेऊन चालली होती. तिचा डावा पाय पुढे पडला. दूध चारी दिशांना पडलं. मग फरशी पुसून झाल्यावर तिने तीनदऱ्यांना मागून ढकललं, जरा जास्तच मनापासून. त्यांचा कुठलाच पाय पुढे गेला नाही. ते होते तिथेच खाली बसले. "बरोबर आहे," ती म्हणाली, "पुढे पाऊल टाकायचं तर तीन ठिकाणी विचारावं लागेल ना."

आता वाचणारा म्हणेल, खेळणार बेबी, मग बायकोला कशाला ढकललं? तिथेच तर सगळी मेख आहे.

तीनदऱ्यांच्या मनात एक काटा सलत होता. घरातल्या तिघांच्या भिंतीचा रंग काढून घेऊन एकीसाठी वस्तू घ्यायची, हे त्यांच्या न्यायबुद्धीला पटेना. खात्यात एका अभियंत्यासाठी कधी पंप घेतला जात नाही. शाखेसाठी घेतला जातो. तेव्हा स्की बेबीची नव्हे, कुटुंबाची मालमत्ता म्हणून घ्यायची, असा निर्णय झाला. आणि मालमत्ता कुटुंबाची, तर वजनही कुटुंबाचं धरलं पाहिजे.

सुट्टीच्या दिवशी त्यांनी दोघींना खात्याच्या गोदामात नेलं. तिथे ब्लीचिंग पावडरच्या गोण्या तोलायचा काटा होता, त्यावर तिघं एकामागून एक उभी राहिली. तीनदरे अठ्ठ्याऐंशी किलो. बायको सत्तावन्न. बेबी पन्नास.

"मी पाण्यात गुडघ्याच्या वर कधी गेले नाही," बायको म्हणाली. "माझं वजन कशाला?"

"तू कुटुंबात आहेस की नाही?"

बेरीज एकशे पंचाण्णव, भागिले तीन, बरोबर पासष्ट. शेष शून्य. भागाकार इतका स्वच्छ निघालेला पाहून तीनदऱ्यांना जो आनंद झाला तो बेबीच्या दहावीच्या निकालालाही झाला नव्हता. त्याच पद्धतीने त्यांनी पायांचे नंबर घेतले. नऊ, सहा आणि पाच. सरासरी पावणेसातच्या आसपास आली, ती त्यांनी उदार मनाने सातवर नेली.

"बाबा, पासष्ट किलोचं आपल्याकडे कोणीच नाही," बेबी म्हणाली.

"कोणी एक नाही. सगळे मिळून आहेत."

मग दर आले. पहिला दर शहरातल्या मोठ्या दुकानाचा. तिथल्या विक्रेत्याने गुळगुळीत काळ्या रंगाची एक स्की हातात दिली आणि किंमत सांगितली. तीनदऱ्यांनी ती स्की, झोपलेलं मूल परत द्यावं तशी, दोन्ही हातांनी परत दिली. दुसरा दर साडूचा. साडूंचं बाथरूमच्या फरश्यांचं भलं मोठं दालन होतं. त्यांनी आपल्या मुलासाठी एक स्की घेतली होती. मुलगा दोनदा पाण्यात पडला आणि त्याने गिटार घेतली. स्की जवळजवळ नवी, आखूड, मऊ, बूट पाच नंबरचा. बेबीने ती साडूंच्या माडीवर पाहिली होती. परत येताना ती वाटभर गुडघे वाकवून झोके घेत होती.

"घ्या साडूभाऊ, घरचा भाव लावतो," साडू म्हणाले. "तुम्हाला काय, भिंतीला रंग नाही तरी चालतं म्हणे."

तिसरा दर जलाशयाच्या काठावरच्या एका हॉटेलचा होता. हॉटेलवाल्यांनी पाण्यावरचे खेळ बंद केले होते आणि सामान विकायला काढलं होतं. त्यातली एक स्की मजबूत, तडा नाही, टकटक केल्यावर आवाज टणटणीत, बूट सात नंबरचा, आणि मागे चिकटवलेल्या तक्त्यावर स्पष्ट छापलेलं होतं की साठ ते सत्तर किलोसाठी. दर सर्वांत कमी. तीनदऱ्यांना क्षणभर वाटलं की कोणी तरी आपल्या भागाकाराचीच ही स्की बनवली आहे. साडूंचा टोमणा त्यांना लागला नव्हता असं नाही. पण निर्णय तक्त्याने घेतला, असंच ते पुढे सांगत आले. लाल रेघ ओढली गेली. विकलेला माल परत घेतला जाणार नाही, असं हॉटेलवाल्यांनी पावतीवर लिहिलं होतं. ते वाचून तीनदऱ्यांना उलट बरंच वाटलं. परत करायची वेळ खरेदी चुकणाऱ्यांवर येते.

निवडीला दोन रविवार उरले असताना कुटुंबाची मालमत्ता पाण्यात उतरली.

बेबीने पायात दोन-दोन मोजे घातले होते. मास्तरांनी बोट सुरू केली, दोर ताणला गेला, ती उठली, हे सगळं ठीक झालं. पहिल्या बोयाजवळ तिने अंग कलतं केलं. स्की कलली नाही. पन्नास किलोचं काय ओझं अंगावर घ्यायचं, अशा ऐटीत ती सरळ चालत राहिली. दुसऱ्या बोयाला बेबीने सगळा जोर लावला तेव्हा तिचा पाय बुटातून सटकन बाहेर आला. बेबी बोटीमागे पुढे गेली आणि स्की मागे, पाण्यावर एकटीच, शांतपणे डुलत राहिली. हा प्रकार तीन वेळा झाला. चौथ्या वेळी बेबी परत आली ती पोहत, आणि जेट्टीला धरून पाण्यातच राहिली, कारण ओल्या चेहऱ्यावर रडलेलं दिसत नाही.

"सवय नाही तिला," तीनदरे म्हणाले. "थांब, मी बसून बघतो."

कुटुंबाची मालमत्ता होती, त्यांचा हक्कच होता. सात नंबरच्या बुटात नऊ नंबरचा पाय जाईना. मास्तरांनी भांडी घासायचा पातळ साबण आणला. बूट घालताना सगळेच तो लावतात. साबणाने पाय आत गेला. त्यानंतर बोट सुरू झाली, तीनदरे सुरू झाले नाहीत. अठ्ठ्याऐंशी किलोखाली ती स्की पाण्याखालीच राहिली आणि तीनदरे गळ्यापर्यंत पाण्यात, चेहऱ्यावर कार्यालयीन भाव ठेवून, काही अंतर ओढले गेले. वर आल्यावर पाय बाहेर निघेना. उरलेला सगळा साबण संपला तरी निघेना. शेवटी ते जेट्टीवर एक पाय स्कीसकट लांब करून बसले, आणि येणारी-जाणारी मंडळी तो ओलांडून जाऊ लागली.

"आता मीच राहिले," बायको थर्मासचं झाकण लावत म्हणाली. "माझा नंबर कधी?"

पाय निघाल्यावर, आणि सूज उतरल्यावर, तीनदरे हॉटेलात गेले. हॉटेलवाल्यांनी त्यांना त्यांच्याच पावतीवरचं वाक्य वाचून दाखवलं. मग ते मान खाली घालून साडूंच्या दालनात गेले. दालनाच्या दर्शनी भिंतीवर, निळ्या फरश्यांची लाट केली होती आणि त्या लाटेवर मुलाची ती आखूड स्की चार स्क्रूंनी ठोकलेली होती.

"भोकं पाडली?" तीनदऱ्यांनी विचारलं.

"आरपार," साडू म्हणाले. "गिऱ्हाईक थांबून बघतं हो. तुम्ही नाही म्हणालात, म्हटलं भिंतीला तरी उपयोग. आमच्या भिंतीला रंग आहे, शोभा नव्हती."

त्या रात्री तीनदऱ्यांनी जेवताना सगळं सांगितलं. बेबीने रागावून काही म्हटलं असतं तर तीनदऱ्यांपाशी उत्तरं तयार होती. सगळी नियमाला धरून होती. पण ती फक्त म्हणाली, "जाऊ दे बाबा. नाही तर नाही." आणि ताट उचलून आत गेली. तीनदरे सोफ्याच्या डाव्या टोकाला जाऊन बसले, उजव्या टोकाला कोणी नव्हतं हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही, आणि ते हळूहळू जमिनीवर आले.

पुढच्या रविवारी ते एकटेच मास्तरांकडे गेले. "माल खराब आहे का?" त्यांनी विचारलं. आयुष्यात हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या खरेदीबद्दल प्रथमच विचारला होता.

"माल झकास आहे साहेब," मास्तर म्हणाले. "फक्त त्यावर पासष्ट किलोचं माणूस पाहिजे."

तीनदऱ्यांनी मनात भागाकार पुन्हा एकदा करून पाहिला. हिशोब खोटा नव्हता. हिशोबात जे माणूस निघालं ते घरात नाही, एवढंच सिद्ध झालं होतं. मग ते बाहेर कुठे तरी असेल. आणि त्याच्याकडे, देव करो, एखादी आखूड स्की असेल.

त्यांनी चौकशी सुरू केली. एवढ्या वर्षांत इतक्या थेट चौकशीला जेट्टीवर कोणी तोंड दिलं नव्हतं. बँकेतल्या कॅशियरला त्यांनी भर चहात विचारलं, "आपलं वजन किती?" तो म्हणाला सत्तर, आणि स्की द्यायची नाही. एका शाळामास्तरणीने वजन सांगायच्या ऐवजी मुख्याध्यापकांचा फोन नंबर दिला. तेवढ्यात बायको आणि बेबी डबा घेऊन आल्या, आणि त्याच वेळी पाण्यातून, केस पिळत, एक बाई वर आल्या. त्या दाढेच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांच्या हातात एक जुनी स्की होती. रंग उडालेला, बुटाला ठिगळ, पण आखूड.

तीनदरे पुढे झाले. "मॅडम, एक विचारू? आपलं वजन किती?"

कॅशियरने चहाचा कप खाली ठेवला.

"अठ्ठावन्न," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तीनदऱ्यांनी त्यांच्याकडे एकदा नजर टाकली. गोदामात उतरणाऱ्या गोण्या काट्यावर चढवण्याआधीच ओळखायची सवय त्यांच्या डोळ्यांना होती. "पासष्ट," ते म्हणाले.

बायकोने डोळे मिटून घेतले.

"तुम्ही ते दाढवाले ना?" डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "माझं चित्र घेऊन गेलात ते?"

"हो. पायाचा नंबर सात का?"

"अहो, काय चाललंय तुमचं?"

मग बेबीच पुढे आली. तिने काही लपवलं नाही. भागाकार, बूट, साबण, भोकं, सगळं सांगितलं, आणि निवड पुढच्या रविवारी आहे हेही सांगितलं. डॉक्टरीणबाई ऐकत होत्या. भागाकारापाशी त्यांनी तोंडावर हात ठेवला. बोलणं संपल्यावर त्या मास्तरांकडे वळल्या. "ही माझी स्की मला जुळी मुलं होण्याआधीची आहे. दोन वर्षं मी प्रत्येक वळणाला बुडतेय आणि तुम्हाला म्हणतेय की बोट हळू चालवता. ती मला लहान झालीय का?"

मास्तरांच्या पुढच्या दोन दातांचं काम याच बाईंकडे चालू होतं. ते म्हणाले, "आता तुम्हीच विचारताय म्हणून, हो."

डॉक्टरीणबाईंनी हॉटेलची स्की पायात घातली. बूट असा बसला जसा मापाने शिवला असावा. पहिल्या ओढीला त्या पाण्यावर उभ्या राहिल्या आणि चार वळसे घेऊन, हसत परत आल्या. मग बेबी त्यांची ठिगळाची स्की घेऊन उतरली; या बुटाला नाड्या होत्या, त्या तिने करकचून आवळल्या. पहिल्या बोयाला तिने नुसती मान वळवली असेल, स्की तिच्या आधी वळली. जेट्टीवर तीनदरे उभे होते, त्यांच्या हातात डबा होता, आणि झाकण उघडून बराच वेळ झाला तरी त्यांनी आत पाहिलं नव्हतं.

"अदलाबदल करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वरून काही नको. एकच अट आहे."

"बोला."

"ती दाढ. माझ्याकडे करायची. माझ्या दराने. आणि दुसरीकडे विचारायचं नाही."

तीनदऱ्यांनी जिभेने डावीकडे चाचपून पाहिलं. पलीकडे बेबी पाण्यातून दोर हातात घेऊन त्यांच्याकडे बघत होती. तिला ऐकू जात नव्हतं, पण काही तरी ठरतंय एवढं कळत होतं.

"दर तोच आहे ना? मागचाच?"

"वाढलाय."

"किती?"

"ते खुर्चीत बसल्यावर सांगेन."

तक्ता नाही, तुलना नाही, आकडासुद्धा नाही. तीनदऱ्यांनी घसा खाकरला, कार्यालयात मोठ्या खरेदीच्या वेळी खाकरत तसा. "मंजूर," ते म्हणाले. बायकोने तेव्हा कुठे डोळे उघडले, आणि हे खरोखर आपलेच आहेत ना ते पाहून घेतलं.

निवडीच्या रविवारी वारा होता. संघात यायला चार बोयांना वळसे घालणं भाग होतं. बेबीने पहिल्या खेपेला तीन घेतले आणि चौथ्याला उताणी पडली. दुसऱ्या खेपेला चौथा घेतला, पाचव्याकडे जाताना ठिगळ अर्धं उसवलं आणि तिथे ती पडली. यादी लागली तेव्हा चौघांत तिचं नाव चौथं होतं. सर्वांत खालचं ते निवडलं गेलं, ही पद्धत तीनदऱ्यांच्या चांगल्या परिचयाची होती. तरीही ते यादीसमोर इतका वेळ उभे राहिले की मागच्यांना त्यांना बाजूला करावं लागलं. मास्तरांनी मागून हलकेच ढकललं. या वेळी त्यांचा डावा पाय पुढे पडला.

सोमवारी ते खुर्चीत बसले. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या तोंडात कापूस, नळी आणि आरसा एवढं सामान भरलं आणि मग दर सांगितला. तीनदऱ्यांचे डोळे मोठे झाले. तोंड आधीच होतं.

"आणि हो," त्या काम करता करता म्हणाल्या, "मी काट्यावर उभी राहिले. चौसष्ट. पासष्ट नाही."

तीनदऱ्यांनी एक बोट वर केलं. एका किलोचा फरक काट्याच्या जागेमुळे पडू शकतो, असं त्यांना सुचवायचं होतं.

"बोट खाली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पंधरवड्याने दाढ पुरी झाली. त्या संध्याकाळी तीनदरे बैठकीत डागासमोर बसून भाजलेले शेंगदाणे खात होते, आणि ते डाव्या बाजूने. बायको दारात उभी राहून पाहत होती.

"किती घेतले हो तिने?"

"गोपनीय आहे."

"म्हणजे या वेळी दर्जावर गेलात." ती सोफ्याच्या उजव्या टोकाला बसली, ते डाव्या टोकाला होते म्हणून. "मग आता सांगूनच टाका. माझ्या वेळी काय झालं होतं?"

तीनदऱ्यांनी दोन दाणे नीट चावले. नवी दाढ उत्तम चालत होती. "तीन स्थळं पाहिली होती, हे खरं," ते म्हणाले. "बाकी दोन ठिकाणांहून नकार आला होता."

"ते मला लग्नाआधीच कळलं होतं," बायको म्हणाली आणि त्यांच्या मुठीतले दाणे घेतले. "माझ्या मावशीने सांगितलं. म्हटलं, बघू किती वर्षं लपवताय."